नवसाचं बाळ झालं, मग रडतेस काय?

कोथरूड असो की हडपसर, पुण्यात आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाट्या आता सगळीकडे दिसतात, लोक उघडपणे बोलतात पण. मात्र बाळ झाल्यावर बाळंतीण दिवसदिवस रडायला लागली की घरात ठरलेलं वाक्य येतं, अगं दगडूशेठला नवस बोललो होतो, एवढे लाखो घातले, आता कसलं रडू?

शरीरात काय होतं बघा. गरोदरपणात वार (प्लासेंटा) स्वतःच सीआरएच नावाचं हार्मोन बनवते, त्यामुळे कॉर्टिसोल, म्हणजे आपलं ते स्ट्रेस हार्मोन, शेवटी शेवटी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होतं. वार पडली की तो पुरवठा एकदम बंद, आणि मेंदूची स्वतःची यंत्रणा इतके महिने दबलेली, ती रुळावर यायला काही आठवडे जातात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन तर काही दिवसांतच कोसळतात, प्रोजेस्टेरॉनपासून बनणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूला शांत ठेवतं, तेही जातं. (अमेरिकेत २०२३ ला मंजूर झालेली झुरानोलोन ही बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनवरची १४ दिवसांची गोळी त्याच धर्तीवर बनवलीय.)

आता ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत थांबतं, नाही थांबलं तर डिप्रेशनचा विचार करायचा. भारतातले अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला आकडा २२ टक्के आहे, म्हणजे पाचात एक! आयव्हीएफमुळेच धोका वाढतो असं ठामपणे म्हणता येत नाही, पण आधीचं डिप्रेशन, जुळी, फेल गेलेल्या आयव्हीएफच्या प्रयत्नांचा ताण हे सगळं मोजावं लागतं, आणि वर तक्रार करायची सोय नाही कारण बाळ तर तुम्हीच मागितलं होतं ना.

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यात काउन्सेलिंग आहे, पण ते ट्रीटमेंटचे परिणाम आणि यशाची शक्यता समजावण्यासाठी. बाळंतपणानंतर काय? माझ्या मते खरी गरज तिथे आहे, कारण सौम्य ते मध्यम डिप्रेशनमध्ये नुसत्या काउन्सेलिंगनेसुद्धा चांगला फरक पडतो, आणि गोळ्या लागल्याच तर अंगावर पाजताना चालणाऱ्याही आहेत, फक्त डॉक्टरला विचारून.

हे डिप्रेशन ओळखायला एडिनबरा स्केल नावाची १० प्रश्नांची यादी १९८७ पासून आहे, पाच मिनिटांत होते, सहाव्या आठवड्याला बाळाच्या लसीला जातोच तेव्हा आईकडून भरून घेता येते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करायच्या विचारांचा. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, रात्र असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत.