पेर्मेके, कॉन्स्टंट
(३१ जुलै १८८६ – ४ जानेवारी १९५२). बेल्जियन चित्रकार व शिल्पकार. फ्लेमिश (बेल्जियमच्या डच भाषक उत्तर भागातील) अभिव्यक्तिवादाचा, म्हणजे हुबेहूब रूपापेक्षा भावनेला महत्त्व देणाऱ्या कलापंथाचा, प्रमुख प्रतिनिधी. जन्म अँटवर्पचा, पण वाढला ऑस्टेंड या बंदरात. वडीलही चित्रकार होते. ब्रूज व गेंट येथील कला अकादमींत शिक्षण झाल्यावर तो गेंटजवळच्या सिंट-मार्टेन्स-लाटेम या चित्रकारांच्या गावी काही काळ राहिला. गुस्ताव दे स्मेत आणि फ्रिट्स व्हान देन बेर्घ हे त्याचे तिथले सोबती. १९१२ मध्ये विवाह करून तो ऑस्टेंडला परतला.

पहिल्या महायुद्धात १९१४ साली तो जखमी झाला आणि उपचारांसाठी त्याला इंग्लंडला हलवण्यात आले. दे स्मेत व व्हान देन बेर्घ तेव्हा हॉलंडमध्ये आश्रयाला होते. तिथे नवी जर्मन कला त्यांच्या नजरेखाली होती. पेर्मेके मात्र इंग्लंडमधल्या डेव्हनच्या खेड्यात, कलाविश्वापासून दूर. तरीही ‘परका’ (१९१६) हे त्याचे पहिले थोर अभिव्यक्तिवादी चित्र तिथेच घडले, हे विशेष.

१९१९ मध्ये ऑस्टेंडला परतल्यावर कोळी आणि त्यांच्या बायका हाच त्याचा विषय झाला. ‘वाग्दत्त’ (१९२३) या चित्रातले जोडपे पाहावे. विषय प्रेमाचा, पण नाजूकपणाचा मागमूस नाही. देह कॅनव्हासमध्ये जेमतेम मावतात, हात अवाढव्य, रंग ओल्या मातीसारखे तपकिरी. गरिबांविषयी कणव दाखवणारी चित्रे त्या काळी पुष्कळ निघाली; पेर्मेकेची माणसे कीव मागत नाहीत. थेट कॅनव्हासवर काढलेली त्याची कोळशाची प्रचंड रेखाचित्रे तर काही वेळा तैलचित्रांहून सरस वाटतात.

१९२९ च्या सुमारास त्याने याबेके येथे ‘चार वारे’ नावाचे घर बांधले. तिथे कोळ्यांची जागा शेतकऱ्यांनी घेतली. १९३० नंतरच्या दशकात तो शिल्पकलेकडेही वळला. वजनदार देहांच्या या चित्रकाराला ते साहजिकच होते. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियमवरील जर्मन अंमलाखाली त्याची कला ‘अधःपतित’ (नाझींना अमान्य असलेल्या आधुनिक कलेला त्यांनी दिलेले नाव) ठरली. युद्धानंतर अँटवर्पच्या अकादमीचे संचालकपद त्याच्याकडे आले, पण वर्षभरातच त्याने ते सोडले. १९४८ मध्ये पत्नी वारली. ‘निरोप’ हे चित्र त्याच वर्षीचे.

ऑस्टेंड येथे त्याचे निधन झाले. याबेकेच्या घरात आज त्याचे संग्रहालय आहे. युरो येण्यापूर्वीच्या शेवटच्या मालिकेतील १,००० फ्रँकच्या बेल्जियन नोटेवर त्याचीच छबी होती.