‘कराटे’तला ‘करा’ कुणाचा?

फोंडा-म्हापशाकडच्या क्लासमधून पोर यलो बेल्ट घेऊन घरी येतं, तेव्हा सर्टिफिकेटवर जपानी अक्षरं ठसठशीत छापलेली असतात. क्लासच्या भिंतीवर मात्र बोधिधर्म, म्हणजे भारतातून चीनला जाऊन युद्धविद्या शिकवली अशी दंतकथा असलेला बौद्ध भिक्षू, आणि दीड हजार वर्षांची परंपरा. दोन्हींत कागद जास्त प्रामाणिक.

कागदावरच्या अक्षरांचा अर्थ ‘रिकामा हात’. ओकिनावात, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटावर, जुने लोक या विद्येला ‘तोदे’ किंवा नुसतं ‘ते’, म्हणजे हात, म्हणत. ‘तो’ हे चीनच्या तांग घराण्याचं चिन्ह. म्हणून ‘तोदे’ म्हणजे चिनी हात. गंमत अशी, की हेच चिन्ह जपानीत ‘करा’ असंही वाचतात आणि ‘रिकामा’चं वेगळं चिन्हसुद्धा ‘करा’च. उच्चाराला धक्का न लावता अक्षर बदललं की चीन गायब! 1905 साली एका ओकिनावी शिक्षकाने हे नवं अक्षर वापरलं होतं. 1922 मध्ये दुसऱ्या एका मास्तरांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं, तेव्हा मात्र चिनी अक्षरच चालू होतं. शेवटी 25 ऑक्टोबर 1936 रोजी ओकिनावातल्या नाहा शहरात एका वृत्तपत्राने जाणकारांची बैठक बोलावली आणि तिथे ‘रिकामा हात’ पक्का झाला. चीनचा मंचुरिया प्रांत आधीच जपानच्या ताब्यात होता, पुढच्याच वर्षी चीनशी उघड युद्ध पेटलं. अशा दिवसांत हा बदल निव्वळ तत्त्वज्ञानापोटी झाला, हे मला पटत नाही. 2005 मध्ये ओकिनावाने हीच तारीख ‘कराटे दिन’ ठरवली. म्हणजे बारसं झालं त्याच दिवशी वाढदिवस.

बाकीचा ऐवजही फार जुना नाही. पांढरा पोशाख आणि ‘दान’ म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची पद्धत ज्युदोकडून उसनी आणलेली, आणि ज्युदो 1882 चा. शोतोकान या कराटे-शैलीच्या क्लासमध्ये मुलं पहिल्यांदा शिकतात ते हेइआन काते, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, 20व्या शतकाच्या सुरुवातीला शाळकरी मुलांसाठीच बांधलेले. चीनशी ओकिनावाचं नातं खरं आहे, पण बोधिधर्माच्या नावावर खपवलेला व्यायामग्रंथ 17व्या शतकातला, त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला.

टोकियोत 2021 मध्ये कराटे ऑलिंपिकला खेळलं गेलं. 2023 मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत केरळचं कलारीपयट्टू आणि पंजाबचा गतका हे युद्धखेळही आले, आणि ‘मूळ आपलंच’ या बोलण्याला आणखी जोर चढला. क्लासमध्ये सरांना विचारायचंच असेल तर बोधिधर्माचं विचारू नये. तुमचे गुरू कोण, त्यांचे गुरू कोण, ते कुठे आणि कोणत्या साली शिकले, एवढं विचारावं. तीन-चार पिढ्या मागे गेलं की एकतर ओकिनावा लागतं, नाहीतर सर विषय बदलतात.