फॅनन हिंसेचा पुजारी नव्हता

७ ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाच्या युद्धावरून पाश्चात्त्य विद्यापीठांत वाद पेटला आणि वसाहतवादाविरुद्ध लिहिणाऱ्या फ्रांझ फॅनन या विचारवंताचं नाव दोन्ही बाजूंनी ओढलं गेलं. कुणाला तो वाटेल त्या हिंसेचा परवाना वाटतो, कुणाला रक्तपिपासू. समज एकच, फॅननने हिंसेचा गौरव केला. तो चुकीचा आहे.

युरोपियनाला मारणं म्हणजे एका दगडात दोन पक्षी, हे गाजलेलं विधान फॅननचं नाहीच. ते त्याच्या १९६१ च्या ‘द रेचेड ऑफ द अर्थ’ या पुस्तकाला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने लिहिलेल्या प्रस्तावनेतलं आहे. प्रतिकाराची हिंसा दबलेल्या माणसाला न्यूनगंडातून सोडवते, असं फॅनन लिहितो हे खरं. ते लपवू नये. पण तो मानसोपचारतज्ज्ञ होता, तेव्हा फ्रेंच वसाहत असलेल्या अल्जीरियातल्या ब्लिदाच्या रुग्णालयात काम केलेला. पुस्तकाच्या शेवटाकडे रुग्णांच्या नोंदींचं मोठं प्रकरण आहे. त्यात छळ सोसलेले अल्जीरियन भेटतात, तसा कैद्यांचा छळ करता करता घरी बायकोमुलांना मारू लागलेला पोलीसही. आपल्याच युरोपियन सवंगड्याला ठार मारणारी दोन अल्जीरियन मुलंसुद्धा. ही पानं वाचली की अंगावर काटा येतो. तिथे गौरव कुठेच नाही. नुसत्या द्वेषावर मुक्तिलढा टिकत नाही, हेही त्याने त्याच पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे.