दात नंतर, आधी नाक

शिगम्यात आमच्या डिचोलीत घोडेमोडणी निघते. कमरेला लाकडी सांगाड्याचा घोडा बांधलेला, त्यावर रंगीबेरंगी कापड, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार आणि ढोल-ताशांच्या ठेक्यावर पडणारी पावलं. लहानपणी मला घोडा म्हणजे एवढाच माहीत होता. तो कधी दमायचा नाही. दमायचा तो आतला माणूस, आणि तो मग देवळाच्या पायरीवर बसून घटाघट पाणी प्यायचा.

गोव्यातला घोडा हा असा कापडाचाच. आमच्या दमट हवेत आणि भाताच्या खाचरांत घोड्यांची पैदास काही रुजली नाही. तरी एके काळी सगळा दख्खन घोड्यांसाठी गोव्याच्या बंदराकडे डोळे लावून बसलेला असे. होर्मुझहून जहाजं येत आणि घोडे घाट चढून विजयनगरकडे जात. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, तेव्हा या व्यापाराचा मक्ताही त्यांच्या हाती आला. विजयनगरात राहिलेला फर्नांव नुनीश हा पोर्तुगीज घोडेव्यापारी त्याआधीच्या साळुव नरसिंहाच्या काळाबद्दल लिहितो, की राजा हजार परदावांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, तीन घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. समुद्रात मेलेल्या घोड्याचं नुसतं शेपूट आणून दाखवलं तरी पूर्ण पैसे मिळत. शेपटीलाच दाम मिळत असेल, तर वाटेत त्या जनावराला पाणी पाजायची तसदी कोण घेईल? त्याच्याही दोनशे वर्षं आधी मार्को पोलो तमिळ किनाऱ्याबद्दल सांगतो, की राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घेतो आणि वर्षअखेर शंभरही उरत नाहीत, कारण त्यांची निगा कशी राखायची हे तिथं कोणालाच ठाऊक नाही. आणि व्यापारी मुद्दाम नालबंद सोबत आणत नाहीत, दुसऱ्या कोणाला तिकडे जाऊही देत नाहीत. घोडे जगले तर पुढच्या वर्षी खपणार कोणाला!

हे सगळं मला सांगितलं आमच्या डॉक्टरकाकांनी. म्हापशाकडचे, जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. दत्तजयंतीला ते सारंगखेड्याला निघाले तेव्हा मी त्यांच्यामागे लागलो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि तिथं घोड्यांचा मोठा बाजार भरतो. कापडी घोडा बघून वाढलेल्या माणसाला एकदम इतके खरे घोडे दिसले की डोळे फिरतात. काळे, कुमेत, अबलख, गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरा. मारवाडी घोड्यांचे कान तर आत वळून टोकाशी एकमेकांना टेकलेले.

पहिल्या अर्ध्या तासातच मी एका काळ्या घोड्यावर खूश झालो. मान ताठ, डोळ्याचं पांढरं दिसतंय, नाकपुड्या फुललेल्या, अंगावर फेस, एका जागी म्हणून उभा राहत नाही. "काय पाणीदार आहे!" मी म्हटलं. शेजारी विकणाऱ्यानं लगेच त्याचा ओठ वर करून दात दाखवायला सुरुवात केली.

"दात नंतर बघ," काका हळूच म्हणाले. "आधी नाक बघ. मग कान. मग डोळ्याच्या वरची हाडकी बघ."

ज्याला आपण पाणी म्हणतो ते बरेचदा भय असतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

घोडा हे शिकार होणारं जनावर. लांडग्यासमोर लंगडणारा घोडा कळपातून पहिला जातो. म्हणून लाखो वर्षांत त्याची घडणच अशी झाली की दुखलं तरी ओरडायचं नाही. कुत्रा केकाटतो, डुक्कर किंचाळतं, घोडा गप्प राहतो. पण गप्प राहिला तरी चेहरा बोलतोच. 2014 मध्ये संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पट्टी मांडली. खच्ची करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यांचे आधीचे आणि नंतरचे चेहरे त्यांनी ताडून पाहिले. सहा खुणा हाती लागल्या: कान ताठ होऊन मागे वळतात, पापण्या आवळल्या जातात, डोळ्याच्या वरचा भाग ताणून हाड उठून दिसतं, गालाचे चावण्याचे स्नायू गाठीसारखे उठतात, तोंड घट्ट मिटून हनुवटी पुढे येते, आणि नाकपुड्या ताणल्या जाऊन नाकाची गोलाई चपटी होते. प्रत्येक खुणेला शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे. झालं. यंत्र नको, रक्ततपासणी नको. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या मंडळींनी घोड्याच्या चेहऱ्याच्या 17 स्वतंत्र हालचाली नोंदवल्या.

त्यानंतर, 2018 मध्ये, स्वार पाठीवर असतानाच्या 24 हरकतींची एक यादी आली. कान मागे पाडणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, तोंड वारंवार उघडं राहणं, शेपूट सटासट मारणं, मागच्या पायांवर उभं राहणं वगैरे. आठ किंवा जास्त दिसल्या तर हाडा-स्नायूंत कुठंतरी दुखतंय असं समजायचं. ही यादी काकांच्या फोनमध्ये होती. घोड्यांच्या नाचाच्या मांडवाशी उभे राहून ते एकेक हरकत बोटांवर मोजत होते. पांढराफेक घोडा हलगीवर मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. काकांचं सहावं बोट मिटलं. एरवी घोड्याच्या वजनाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो. मागच्या दोघांवर उभं राहायचं म्हणजे सगळा भार मागच्या पायांच्या सांध्यांवर, आणि तेही दिवसातून कित्येकदा, कडक जमिनीवर.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एका खुणेवरून निवाडा करता येत नाही. माशी हाकलतानाही शेपूट हलतं, आणि तोंडातला थोडा फेस तर कडियाळं, म्हणजे लगामाचं तोंडातलं लोखंड, चघळल्यानंही येतो. अंगावरचा पांढरा फेस तर निव्वळ घामाचा. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं, ते साबणासारखं काम करून घाम दाट केसांतून पसरवतं, म्हणजे तो वाळून अंग गार होतं. जिथं खोगीर किंवा पट्टा घासतो तिथं त्याचा फेस होतो. तेव्हा फेस दिसला की जुलूम झाला असं नाही. पण थंडीच्या सकाळी, सावलीत बांधलेला घोडा फेसाळलेला असेल तर मात्र कारण विचारावं.

आणि कडियाळं. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत एक मोकळी जागा असते, लगामाचं लोखंड नेमकं तिथं बसतं. तिथं हाडाच्या धारेवर नुसती पातळ हिरडी असते. आपल्या नडगीच्या धारेवर लोखंडी कांब ठेवून ओढून बघा, म्हणजे कल्पना येईल. त्यात ते लोखंड काटेरी असेल तर बोलायलाच नको. भार वाहणाऱ्या जनावरांसाठी केंद्र सरकारने केलेल्या 1965 च्या नियमांनी काटेरी कडियाळी, खिळे ठोकलेली काठी, अणकुचीदार साज या सगळ्यांवर बंदी घातली आहे. साठ वर्षं झाली. जत्रेतल्या साजाच्या दुकानात मला पितळी घुंगरांच्या माळेशेजारी दाते असलेलं एक कडियाळं टांगलेलं दिसलं. दुकानदार म्हणाला, "अडेल घोड्याला लागतं, भाऊ." अडेल का झाला ते मात्र कोणी विचारत नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते रात्रीनं. घोडा उभ्यानं झोपतो, हे आपण शाळेत शिकतो. ते अर्धंच खरं. त्याच्या पायांत स्नायूबंधांची अशी कुलपं असतात की स्नायू न दमता तो उभ्यानं डुलकी काढतो. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय येत नाही, कारण त्या झोपेत सगळे स्नायू सैल पडतात. दिवसाकाठी ही झोप अर्ध्या तासाच्या आसपासच लागते, पण ती लागतेच. आणि आजूबाजूला सुरक्षित वाटलं तरच घोडा आडवा होतो. आता जत्रेचं चित्र बघा. अगाडी-पिछाडी लावलेली, म्हणजे पुढून दोर आणि मागचे पाय खुंट्याला. डाव्या हाताला अनोळखी घोडा, उजव्या हाताला अनोळखी घोडा, समोर तमाशाचा फड, आणि रात्री दोनपर्यंत भोंगे. माणसाच्या कानाला 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज कळतो, घोड्याला 33,000 च्या वरपर्यंत. आपल्याला ऐकूही न येणारी चिरकी त्याच्या कानात शिरते. असे बरेच दिवस गेले की घोडा उभ्या उभ्या गुडघ्यांत वाकून कोसळायला लागतो. गिऱ्हाइकाला तो 'शांत स्वभावाचा' वाटतो.

त्या रात्री अकराच्या सुमारास आम्ही एका म्हाताऱ्या मालकाकडे गेलो. त्यानं आपली घोडी जत्रेच्या कडेला, बाभळीपाशी, लांब दोरावर बांधली होती. खाली भाताचा पेंढा, शेजारी तिचं शिंगरू. ती चक्क आडवी पडली होती आणि तो तिच्या मानेला टेकून विडी ओढत होता. काका त्याला म्हणाले, "दादा, धंदा बुडेल की, इतक्या कोपऱ्यात कोण येणार?" तो म्हणाला, "ज्याला घोडी घ्यायची तो येतोच. बाकीचे नाच बघायला आलेत." सारंगखेड्याला माणसं अशीही आहेत, म्हणून जत्रा बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही.

पोटाचं थोडक्यात सांगतो. घोड्याचं पोट देहाच्या मानानं लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं. आम्ल चोवीस तास पाझरत राहतं, लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणून निसर्गात तो दिवसाचे सोळा तास तोंड हलवत असतो. बाजारात त्याला वैरण कमी आणि तोबऱ्यात चंदी, म्हणजे दाणा, जास्त, कारण चंदीनं अंग तुकतुकीत दिसतं. मग जठरात व्रण होतात. खाणं अचानक बदललं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. गेलेलं परत वर येण्याची सोयच नाही. गर्दीच्या बाजारात रोगही पसरतात. ग्लँडर्स हा जिवाणूचा रोग माणसालाही होतो. 2006 मध्ये तो देशात पुन्हा वर आला, तेव्हा आपल्या पुण्या-पाचगणीलाही घोडे सापडले होते. तपासणीचा दाखला मागा म्हटलं तर विकणारा चिडतो, पण मागावाच.

गोव्याला परतल्यावर वाटलं, विषय संपला. आपल्याकडे कुठं घोड्यांचा बाजार भरतो! पण बाजारात विकलेला घोडा कुठंतरी जातोच. फेब्रुवारीत एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात बाहेरगावच्या लोकांचं लग्न होतं. वरातीसाठी घाटावरून टेम्पोतून नुकरा घोडी आणलेली. तिला सांभाळणारा मोतद्दार काकांच्या ओळखीचा, म्हणून त्यानं फोन केला, "साहेब, घोडी जरा कशीतरीच करतेय."

दुपारचे चार. हवेत इतका दमटपणा की अंगावरचा सदरा वाळत नव्हता. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि घाम न वाळता गळला तर घोडा गार होत नाही, फक्त पाणी आणि मीठ जातं. त्यात एक मोठी गोम आहे. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो, म्हणून घाम आला की रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, कधी त्याहून जास्त खारट. पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरच गेल्यानं मेंदूला तहानेचा निरोपच नीट पोचत नाही. म्हणून सुकलेला घोडाही बादलीतून तोंड फिरवतो आणि मालक म्हणतो, "त्याला नकोय."

घोडी जनरेटरपासून दहा पावलांवर बांधली होती. काकांनी तिच्या बरगडीमागे बघत श्वास मोजले. स्वस्थ घोडा मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो, ही 44 घेत होती. नाक चपटं, गाल गाठीसारखे. मान उंच ताठ दिसावी म्हणून लगाम मागे खोगिराला बांधून ठेवलेला आणि जेरबंदही आवळलेला. चोर जेरबंद केला म्हणतो ना आपण, तो शब्द या पट्ट्याचा. घोड्यानं डोकं झटकू नये म्हणून पोटाखालून पुढच्या पायांमधून डोक्याच्या साजाला बांधतात तो.

काकांनी आधी लगाम सोडला, मग जेरबंद. मग बागेची नळी मागवून मानेवर, छातीवर, मांड्यांमध्ये सारखं पाणी सोडलं. मोतद्दार घाबरला, "तापल्या अंगावर थंड पाणी नको साहेब, अंग धरेल." हा समज सगळीकडे आहे. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या आधी उन्हाळ्याच्या धास्तीनं यावर बरंच संशोधन झालं, आणि तापलेल्या घोड्यावर भरपूर थंड पाणी ओतत राहणं हाच उत्तम उपाय ठरला. बादलीत त्यांनी मूठभर मीठ टाकलं आणि शेजारी साधी बादलीही ठेवली.

तेवढ्यात हॉटेलचा एक माणूस धावत आला. मुहूर्त, ड्रोनवाला, सूर्यास्त, सगळं ठरलेलं.

"जनरेटर तिकडे न्या," काका म्हणाले.

"सर, केबल पुरणार नाही."

"मग घोडी नेतो."

आम्ही तिला माडांच्या सावलीत नेलं. दहा मिनिटांनी तिनं मान खाली सोडली, जीभ फिरवली आणि मिठाची बादली हुंगून साध्या बादलीत तोंड घातलं. अर्धी बादली झाली. पुन्हा मोजले तर श्वास 26. मोतद्दार माझ्याकडे बघून खूण करून विचारत होता, झालं का म्हणून. मी काकांकडे पाहिलं. ते वाकून तिच्या नाकाकडे बघत होते आणि मागे ढोलवाले हात चोळत उभे होते.