कोलाज फ्रेमला देण्याआधी

तैलरंगातलं किंवा जलरंगातलं चित्र आलं की आम्ही मापं घेतो, तुम्ही पट्टी पसंत करता आणि काम सुरू होतं. कोलाज, म्हणजे कागद, कापड, वस्तू चिकटवून केलेलं चित्र, आलं की मात्र आम्ही आधी चौकशी करतो. कागद कुठला? कशाने चिकटवलाय? वरून वॉर्निश मारलंय का? चित्रकाराला फोन करता येईल का? ही विचारपूस कशासाठी असते आणि तुमच्या उत्तरांवरून फ्रेम कशी ठरते, ते या पत्रकात सांगितलं आहे.

कोलाजमधली प्रत्येक वस्तू आपापल्या वेगाने जुनी होते. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद नीट ठेवला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो. त्याच्याच शेजारी चिकटवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण मात्र थोड्याच काळात पिवळं पडायला लागतं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातलं लिग्निन (लाकडाचे तंतू घट्ट धरून ठेवणारं द्रव्य) काढलेलं नसतं. हवा आणि उजेड लागला की त्यातून आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या चांगल्या कागदातही उतरतं. पावसाळ्यात सगळेच कागद ओलावा पिऊन फुगतात, उन्हाळ्यात आकसतात; पण प्रत्येकाचं प्रमाण निराळं, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. एकमेकांना चिकटलेले दोन कागद असे वेगवेगळे ओढले गेले की पोक येतो, कडा सुटतात.

चित्रकार काय काय वापरतात

कुठलीही वस्तू चित्रात येऊ शकते, हे १९१२ मध्येच ठरून गेलं. त्या वर्षी पिकासोने खुर्चीच्या वेताची वीण छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं आणि भोवती फ्रेमऐवजी दोर गुंडाळला.

आजचे चित्रकार त्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. लॉस एंजेलिसचे मार्क ब्रॅडफर्ड (जन्म १९६१) आईच्या सलूनमध्ये केशरचनेचं काम करत. केस कुरळे करताना बटांच्या टोकांना गुंडाळतात त्या पातळ, अर्धपारदर्शक कागदांपासून त्यांनी सुरुवातीची मोठी चित्रं केली. पुढे रस्त्यावरची जाहिरातींची पोस्टरं आणायची, थरावर थर चिकटवायचे, मधे दोर पुरायचा आणि मग यंत्राने घासून आतले थर उघडे करायचे, अशी त्यांची पद्धत बनली. २०१७ च्या व्हेनिस बिएनालेत (व्हेनिसला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात) अमेरिकेचं दालन त्यांच्याकडे होतं. अशा कामात कागदच रंग असतो आणि खरवडलेली, उचललेली कड हेच रेखाटन असतं. कड उचललेली दिसली की थोडा गोंद लावून दाबून टाकायची, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय इथे घातक ठरते. म्हणूनच आम्ही विचारतो: ही कड सुटली आहे की चित्रकाराने मुद्दाम सोडली आहे?

घानात जन्मलेले आणि अनेक वर्षं नायजेरियातल्या न्सुक्का इथे काम केलेले एल अनात्सुई (जन्म १९४४) दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चपटी करतात आणि तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पसरणारे पडदे करतात. त्यांना चुण्या कशा पाडायच्या, हे बरंचसं टांगणाऱ्यावर सोपवलेलं असतं. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही. सोड्याच्या बाटलीची दातेरी बुचं मात्र लोखंडी पत्र्याची असतात. ती लावलेलं चित्र कोकणात किंवा गोव्यात टांगणार असाल तर आधी सांगा. खारी, दमट हवा लागली की गंज कागदात उतरतो आणि तो डाग निघत नाही. स्टेपलच्या पिना आणि टाचण्यांचंही तेच.

आपल्या जवळची उदाहरणं कमी नाहीत. शीला गौडा यांनी १९९० च्या दशकात शेण वापरलं. पुढे शेकडो सुयांमधून दोरा ओवून तो कुंकू आणि गोंदाने माखला. भारती खेर यांनी २००६ मध्ये फायबरग्लासचा आख्खा हत्ती टिकल्यांनी मढवला. अतुल दोडिया यांनी मुंबईच्या दुकानांना असतात तशा लोखंडी शटरवर चित्रं काढली. शटर वर केलं की मागे दुसरं चित्र. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) कॅनव्हासवर एनॅमल रंग, म्हणजे दारं-खिडक्यांना लावतात तो, वापरत. यांतलं काहीही काटकसर म्हणून आलेलं नाही. शेण, कुंकू, शटर यांना आपल्या घरात आणि रस्त्यावर जो अर्थ आहे, तो चित्रात यावा म्हणून ते साहित्य निवडलेलं असतं. त्यामुळे ‘हे काढून त्या जागी टिकाऊ काहीतरी लावा’ अशी विनंती आम्ही स्वीकारत नाही. हळदीचा पिवळा रंग आणि हळदीपासून केलेल्या कुंकवाचा लाल रंग उजेडात लवकर विटतो. तो वाचवायचा असेल तर भिंत बदलावी लागते.

न्जिडेका अकुन्यिली क्रॉस्बी (जन्म १९८३) नायजेरियातल्या मासिकांतली आणि घरच्या अल्बममधली छायाचित्रं ॲसिटोनच्या (नेलपॉलिश काढायच्या द्रावणाच्या) साहाय्याने कागदावर उतरवतात आणि त्यांवर रंगवतात. हे तंत्र आता कलाशाळांतली मुलंही वापरतात. झेरॉक्सची काळी भुकटी कार्बनची असल्याने ती उजेडात बऱ्यापैकी टिकते. घरगुती इंकजेट प्रिंटरची साधी रंगीत शाई मात्र लवकर फिकी होते.

तिकिटं आणि पावत्या लावलेल्या कोलाजबद्दल खास सांगायचं आहे. एसटीची किंवा बेस्टची जुनी, पंच केलेली तिकिटं शाईने छापलेली आहेत, ती टिकतात. यंत्रातून येणारी हल्लीची तिकिटं, एटीएमच्या चिठ्ठ्या, हॉटेलची बिलं यांचा कागद उष्णतेने उमटणारा असतो. त्यावरची अक्षरं आपोआप उडतात, प्लॅस्टिक किंवा तेल लागलं तर आणखी लवकर. फ्रेम कितीही चांगली केली तरी हे थांबत नाही. तुम्ही स्वतः चित्रकार असाल तर तिकिटाची झेरॉक्स काढून तीच चिकटवा.

कशाने चिकटवलंय?

आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ असेल तर आम्हाला हायसं वाटतं, कारण ती पाण्याने सुटते आणि सुटलेला तुकडा पुन्हा बसवता येतो. खळीचा दोष एकच, कसर आणि झुरळं तिच्यावर येतात. त्यासाठी खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आपल्याकडच्या पुस्तकबांधणीत चालत आली आहे. किडे त्याने दूर राहतात, पण मोरचुदात तांबं असतं आणि ते कालांतराने कागदाला ठिसूळ करतं. आम्ही आमच्या खळीत मोरचूद घालत नाही.

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद मजबूत असतो. पण एकदा वाळला की कागदाला इजा न करता तो सोडवणं फार अवघड, म्हणून अशा चित्राची दुरुस्ती आम्ही सहसा घेत नाही. रबर सोल्युशनने लावलेले तुकडे आधी तपकिरी पडतात आणि मग सुकून गळतात. सर्वांत वाईट म्हणजे पारदर्शक चिकटपट्टी. तिचा चिकट थर हळूहळू कागदात मुरतो आणि तेलकट तपकिरी पट्टा कायमचा राहतो. मागच्या बाजूला पट्टी लावलेली असेल तर ती घरी ओढून काढू नका, तशीच आणा.

फ्रेम आम्ही कशी करतो

लॅमिनेशन करत नाही. हार्डबोर्डवर किंवा एमडीएफवर (लाकडाचे बारीक तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीवर) चित्र पेस्ट करूनही देत नाही, मग चित्र लहान मुलाचं असो की नावाजलेल्या चित्रकाराचं. एमडीएफमधून आम्लयुक्त वाफा निघत राहतात, आणि पेस्ट केलेलं चित्र पुन्हा कधी मोकळं होत नाही. आम्ही आम्लरहित माउंट बोर्डावर चित्राची फक्त वरची कड जपानी कागदाच्या दोन-तीन छोट्या पट्ट्यांनी, खळ लावून टांगतो. खालची बाजू मोकळी राहते आणि कागदाला फुगायला-आकसायला जागा मिळते.

काच चित्राला टेकता कामा नये. टेकली तर पावसाळ्यात आतल्या बाजूला दव धरतं आणि झिलईचा कागद काचेला चिकटून बसतो. म्हणून सपाट कोलाजला जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट), आणि धागे, पत्रा, लाकूड वर आलेलं असेल तर आत पट्ट्या घालून खोल डबा-फ्रेम करतो. डबा-फ्रेम महाग पडते, कारण लाकूड जास्त लागतं आणि मेहनतही. ॲक्रिलिकची शीट हलकी आणि न फुटणारी, मोठ्या चित्राला सोयीची. पण पुसताना तिच्यात स्थिर वीज येते आणि ती कोळशाची पूड, पेस्टल, सुटे कागद वर ओढून घेते. असं काही चित्रात असेल तर काचच घ्या.

टांगायची भिंत बाहेरची असेल आणि पावसाळ्यात तिला ओल येत असेल, पोपडे सुटत असतील, तर तिथे कोलाज नको. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरू शकते, आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती त्याहून खूप जास्त असते. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांत आम्ही बुचाच्या चकत्या लावतो, भिंत आणि फ्रेम यांमध्ये हवा खेळावी म्हणून. त्या काढू नका. कागदावरच्या कामांना संग्रहालयांत साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात, म्हणजे मंद. खिडकीसमोरच्या भिंतीवर थेट ऊन नसलं तरी याच्या कितीतरी पट उजेड असतो.

परदेशातल्या मुलाबाळांना चित्र पाठवणार असाल तर त्यात मोरपीस आहे का ते बघा. मोरपिसांच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे. पंखांचे कायदे जगभर कडक आहेत. अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशनबर्ग यांच्या १९५९ च्या ‘कॅन्यन’मध्ये भुसा भरलेला टकला गरुड आहे. त्या पक्ष्याची विक्री अमेरिकेत कायद्याने बंद असल्यामुळे चित्राच्या मालकीण इलियाना सोनाबेंड यांच्या वारसांना ते काम विकता आलं नाही आणि २०१२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला दान दिलं गेलं.

चित्र आणताना गुंडाळी करू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा, वर स्वच्छ कागद घाला, प्लॅस्टिक नको. गळालेला तुकडा सापडला असेल तर पाकिटात घालून सोबत आणा, तो कुठला ते आम्ही शोधू. प्रदर्शनात चित्र विकत घेताना चित्रकाराकडून साहित्याची यादी मागून घ्या: कागद, गोंद, रंग, वॉर्निश. चार ओळी पुरतात. ती यादी आम्ही पाकिटात घालून फ्रेमच्या मागे लावून देतो. आम्ही वापरलेला बोर्ड, खळ आणि काच यांची नोंदही त्यातच असते, म्हणजे पुढे कोणी फ्रेम उघडली तर त्याला अंदाज बांधत बसावं लागणार नाही. खळीचे सांधे पावसाळ्यात सावकाश वाळतात, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये कोलाजचं काम तातडीने मागू नका. गणपतीच्या आधी हवं असेल तर मे महिन्यातच आणून द्या.