खेळाची आवड नसणे आणि खेळायला वाव नसणे

विद्यापीठातील विद्यार्थ्यांना खेळातील सहभागाविषयी विचारले, तर मुलींच्या उत्तरांत मुलांपेक्षा कमी उत्साह दिसतो, असे अनेकदा आढळते. ही नोंद खोटी असेलच असे नाही. मात्र तिचा अर्थ लावताना दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे खेळाची आवड नसणे आणि दुसरी म्हणजे ती आवड रुजण्याइतका वाव कधी मिळालेलाच नसणे. प्रश्नावलीच्या रकान्यात दोन्ही सारख्याच उमटतात, आणि ‘मुलींनाच नको आहे’ असे म्हणून संघ, मैदान व निधी नाकारण्याची सोय तिथूनच होते.

अमेरिकेत हा फरक थेट न्यायालयात तपासला गेला. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मनाई केली आणि त्याच्या कक्षेत खेळही आले. पुढे १९९१ मध्ये ब्राउन विद्यापीठाने खर्च वाचवण्यासाठी महिलांचे जिम्नॅस्टिक्स व व्हॉलीबॉल आणि पुरुषांचे गोल्फ व वॉटर पोलो या चार संघांचा निधी काढून घेतला. दोन संघ महिलांचे, दोन पुरुषांचे, म्हणून कपात समसमान भासत होती. पण १९९३-९४ मध्ये तेथील पदवीच्या विद्यार्थ्यांत मुली सुमारे ५१ टक्के असताना विद्यापीठाच्या संघांतील खेळाडूंत त्यांचे प्रमाण जेमतेम ३८ टक्के होते. आधीच कमी असलेल्या वाट्यातून तेवढेच काढून घेणे याला न्याय म्हणता येत नाही. खेळाडू मुली न्यायालयात गेल्या, तेव्हा मुलींना मुळातच खेळात रस कमी असतो, असा युक्तिवाद विद्यापीठाने केला. आवड आणि क्षमता पोकळीत सहसा वाढत नाहीत, त्या संधी आणि अनुभव यांतून घडतात, असे सांगून अपील न्यायालयाने १९९६ मध्ये तो अमान्य केला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले.

शालेय आकडे या म्हणण्याला बळ देतात. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या संघांतून १९७१-७२ मध्ये सुमारे २.९४ लाख मुली खेळत होत्या. १९७७-७८ पर्यंत ही संख्या २० लाखांच्या पुढे गेली. मुलींचा स्वभाव सहा वर्षांत सात पटींनी बदलत नाही. बदलले ते नियम आणि त्यांच्यामागून आलेले संघ.

तरीही गल्लत संपली नाही. २००५ मध्ये अमेरिकी शिक्षण विभागाने विद्यापीठांना ईमेलवरून आवडीची पाहणी करण्याची मुभा दिली आणि उत्तर न देणे म्हणजे रस नसणे, असे मानण्याचीही. न वाचलेल्या ईमेलच्या आधारे एखाद्या मुलीचा मैदानावरचा हक्क ठरवणे मला अत्यंत चुकीचे वाटते. २०१० मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले, हे योग्यच झाले.

मग खरा अनास्थेचा भाग ओळखायचा कसा? काहींना खेळ खरोखरच आवडत नाही, आणि त्यात मुलगेही असतात. परंतु संघ नसतानाही मुली स्वतःहून एकत्र येऊन खेळतात का, परिसरातील शाळांत कोणते खेळ चालतात, संघाची मागणी पूर्वी झाली होती का, हे पाहिल्याशिवाय केवळ मताच्या आधारे निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांतही हाच धडा लागू पडतो. आंतरविद्यापीठ स्पर्धा मुलींसाठीही होतात. पण संघनिवडीला कोणी आले नाही, एवढ्यावरून उदासीनता सिद्ध होत नाही. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सरावाच्या वेळीच बंद होत असेल, मैदानाजवळ कपडे बदलण्याची खोली नसेल, किंवा शाळेतला खेळाचा तास दहावीच्या अभ्यासासाठी काढून घेतलेला असेल, तर त्या मुलीने ‘रस नाही’ या रकान्यात केलेली खूण तिच्या इच्छेपेक्षा तिच्या दिनक्रमाविषयी अधिक सांगते. म्हणून विद्यार्थ्यांची पाहणी करणाऱ्यांनी ‘खेळ आवडतो का?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणता खेळ कोणी शिकवला, सरावाची वेळ कोणती होती आणि घरी परतायला वाहन मिळत होते का?’ हे विचारायला हवे, आणि तेच प्रश्न मुलांनाही विचारून दोघांची उत्तरे शेजारी ठेवायला हवीत.