हुमणीवर उतारा म्हणून आणलेला भेक

वळवाचा एखादा दमदार पाऊस झाला की माळशिरस, पंढरपूर, माढा पट्ट्यातल्या ऊस उत्पादकांचं संध्याकाळचं काम ठरलेलं असतं. दिवेलागणीला हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जाऊन बसतात. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. त्याच रात्री शेजारच्या डबक्यात बेडकांचा गलका चालू असतो. एकाच पावसानं उठलेले हे दोन जीव पाहिले की बेडकांकडूनच हुमणीचा बंदोबस्त करून घ्यावा, असं कुणालाही वाटेल. उसाच्याच धंद्यातल्या माणसांना ते नव्वदेक वर्षांपूर्वी वाटलं होतं, आणि त्यांनी ते करूनही पाहिलं.

त्यासाठी त्यांनी निवडलेला प्राणी म्हणजे केन टोड, उसातला भेक. आपल्याकडे ओसरीवरच्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा खरखरीत कातडीचा भेक असतो, त्याचाच हा दूरचा आणि दांडगा भाऊबंद. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. साखरेच्या मळ्यांबरोबर तो कॅरिबियन बेटांवर फिरत राहिला. जमैकात १८४४ साली पोचला, तिथून पुढे विसाव्या शतकात पोर्टो रिकोत. १९३२ साली पोर्टो रिकोतल्या सान हुआन इथं ऊसतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथं या भेकांची पोटं फाडून आत किती किडे सापडले याचा हिशेब मांडला गेला आणि उपस्थित मंडळी खूश झाली. पोर्टो रिकोत कीड कमी होण्याला त्या काळात पडलेला भरपूर पाऊसही कारणीभूत असावा, हे नंतर लोकांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी सुमारे दीडशे भेक हवाईला गेले. १९३५ च्या जूनमध्ये त्यांच्या वंशातले शंभरेक भेक रेजिनाल्ड मंगोमेरी या कीटकतज्ज्ञानं ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या गॉर्डनव्हेलजवळ आणले. ऑगस्टमध्ये त्यांची सुमारे २४०० पिल्लं उसाच्या भागात सोडली गेली.

विरोध झाला नाही असं नाही. वॉल्टर फ्रॉगॅट हे निवृत्त कीटकशास्त्रज्ञ ओरडून सांगत होते की हा प्राणी पुढं डोईजड होईल. सरकारनं काही महिने भेक सोडण्यावर बंदीही घातली. १९३६ मध्ये ती उठली.

कीड मात्र हटली नाही. कारण आपल्या कुठल्याही ऊसवाल्याला विचारलं तर तो उभ्या उभ्या सांगेल. भुंगेरा बसतो वर, पानावर किंवा झाडावर. अळी राहते खाली, मुळांशी, मातीत. भेक या दोन्हींच्या मधे, जमिनीवर. त्याला ना नीट चढता येतं, ना मुळापर्यंत उकरता येतं. शिवाय लावणीनंतर ऊस लहान असताना शेतात सावली नसते, म्हणून भेक बाहेर पडून वस्तीतल्या बागांकडे वळले. एवढी साधी गोष्ट परिषदेतल्या एवढ्या विद्वानांच्या ध्यानात कशी आली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. मॉरिशसनंही १९२२ मध्ये उसाच्याच भुंगेऱ्यासाठी आफ्रिकेतला एक भेक आणला होता, तोही तिथून गेलेला नाही. उभयचर प्राण्यांच्या स्थलांतराच्या इतिहासाला उसाच्या मळीचा वास येतो तो असा.

ऑस्ट्रेलियातली खरी गोष्ट यापुढची आहे. मादी एका वेळी आठ हजारांपासून तीस हजारांपर्यंत अंडी घालते, चिकट माळांमध्ये. अंडी विषारी, पिल्लं विषारी, आणि मोठ्या भेकाच्या डोळ्यामागच्या ग्रंथींत तर विषाचा साठाच. तिथल्या क्वोल नावाच्या मांजराएवढ्या शिकारी प्राण्याला, घोरपडींना, सापांना, गोड्या पाण्यातल्या मगरींना या विषाची ओळख नव्हती. तोंडात धरला की संपलं. आपल्याकडे भेक पिढ्यान् पिढ्या नांदतो, त्यामुळे त्याला पचवणारे सापही आहेत. तिकडे ती सोय नव्हती.

सुरुवातीला ही फौज वर्षाला दहाएक किलोमीटर सरकत होती. पुढे पश्चिमेकडे तिचा वेग वाढत वाढत पन्नास किलोमीटरच्या घरात गेला. २००५ च्या सुमारास ती डार्विन शहराच्या परिसरात पोचली, २००९ मध्ये तिनं पश्चिम ऑस्ट्रेलियाची हद्द ओलांडली. दीड हजारांहून जास्त किलोमीटर, तेही एका मुठीएवढ्या प्राण्यानं, उड्या मारत.

वेग वाढला कसा? डार्विनजवळ भेकांची वाट पाहत बसलेल्या बेन फिलिप्स, रिक शाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वांत आधी आलेले भेक मोजले, नंतर आलेले मोजले. आधी आलेल्यांचे पाय लांब निघाले. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. पंढरीच्या वाटेवर संध्याकाळी मुक्कामावर आधी कोण टेकतं? ज्याचे पाय चालतात तो. भेकांचंही तसंच, पण आघाडीवर पोचलेल्याची जोडी तिथं पोचलेल्या दुसऱ्या आघाडीवाल्याशीच जमते, कारण मागचे अजून आलेलेच नसतात. पुढची पिल्लं आईबापांपेक्षा थोडी अधिक चालणारी. असं दर पिढीला होत राहिलं. वेगवेगळ्या भागांतल्या भेकांची पिल्लं एकाच जागी वाढवून पाहिली, तरी आघाडीवाल्यांची पिल्लं अधिक अंतर कापत होती, म्हणजे ही ओढ रक्तातच उतरली होती. हे भेक सरळ रेषेत जातात, मागे फिरत नाहीत, एका रात्रीत किलोमीटरभरही सहज कापतात आणि गच्च गवतापेक्षा मोकळा रस्ता पसंत करतात. माणसानं डांबरी रस्ते केले, भेकांनी ते वापरले. या धावण्याची झळ त्यांनाही लागते. आघाडीवरच्या मोठ्या भेकांमध्ये मणक्याचा संधिवात आढळतो.

आता आपल्याकडचा बेडूक. मृगात पिवळाधमक होऊन डबक्यात गळा फुगवणारा मोठा बेडूक, जुन्या पिढीनं बारावीच्या प्रॅक्टिकलला ज्याची चिरफाड केली तो राना टायग्रिना. सोलापूरच्या काळ्या रानात आठ महिने मातीत गाडून घेणारा हा जीव आपल्याला अगदी बिचारा वाटतो. त्याच्या तंगड्या परदेशी जात. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. पण हाच बेडूक अंदमानात उपरा आहे. या शतकाच्या सुरुवातीला तो तिथं पोचला तो बहुधा मुख्य भूमीवरून येणाऱ्या मत्स्यबीजाच्या पिशव्यांतून. काही ठिकाणी माणसांनी खाण्यासाठीही सोडला. त्याची पिल्लं मांसाहारी. संशोधकांनी तिथल्या स्थानिक बेडकांच्या पिल्लांबरोबर ती एका टाकीत ठेवली, तेव्हा स्थानिक पिल्लं जवळपास उरलीच नाहीत. मादागास्करमध्येही हा बेडूक बाहेरूनच गेलेला आहे. तिथल्या तोआमासिना बंदराजवळ २०१४ मध्ये आशियाई भेक सापडला, तो बहुधा जहाजावरच्या कंटेनरमधून उतरला. जनुकांवरून त्याचं मूळ कंबोडिया आणि व्हिएतनामकडचं निघालं. दिसायला मात्र तो आपल्या ओसरीवरच्यासारखाच.

सोलापुरात आजवर उपऱ्या बेडकाचा असा काही प्रकार झालेला नाही. उपरे मासे मात्र आले. उजनीत आज जाळ्यात सापडते ती चिलापी इथली नव्हे, आफ्रिकेकडची. मत्स्यबीज आपल्याकडेही ट्रकनं पिशव्या भरभरूनच येतं, आणि बेडकाची पिल्लं माशांच्या पिल्लांपासून ओळखणं संध्याकाळच्या घाईत सोपं नसतं.

सोलापूरकरांनी एक गोष्ट विशेष लक्ष देऊन पाहावी, ती पाण्याची. आपल्याकडे वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. असल्या कोरड्या मुलखात भेक टिकतो कसा? तो पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीतून शोषतो. ओलावा मिळाला नाही तर काही दिवसांत मरतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात गुरांसाठी खणलेली तळी त्याच्यासाठी मुक्कामाची ठिकाणं ठरली. एकापासून दुसऱ्यापर्यंत पावसाळ्यात पल्ला मारायचा, उन्हाळ्यात तळ्याकाठी दबा धरायचा. संशोधकांनी काही तळ्यांना बुटकं कुंपण घातलं, तेव्हा पाण्याबाहेर अडकलेले भेक मोठ्या संख्येनं मेले आणि पुढच्या वर्षीही तिथं त्यांची संख्या फार वाढली नाही. त्यावरून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम आणि पोर्ट हेडलँड या गावांच्या दरम्यान, वाळवंट आणि समुद्र यांच्यातल्या अरुंद पट्ट्यात उघड्या तळ्यांऐवजी बंद टाक्या बसवून भेकांची वाट तोडण्याची कल्पना पुढं आली.

आपला प्रवास नेमका उलटा चाललाय. उजनीचे कालवे, पाझर तलाव, सांगोल्यापासून करमाळ्यापर्यंतची शेततळी, ठिबकखालची बारमाही ओल. माणसाला आणि डाळिंबाला हे हवंच. प्लॅस्टिकच्या अस्तराचं शेततळं बेडकाला फारसं सोयीचं नसतं, गुळगुळीत कडेवरून त्याला बाहेर येता येत नाही. पण मातीचा तलाव आणि गळका पाट त्याला पुरेसा असतो.